प्रेमलाची पोथी

मागच्या महिन्यात इथल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या मराठी मंडळींनी पुण्याहून एक व्याख्याते बोलावले होते. विषय होता, साहित्य का वाचावं. गृहस्थ छान बोलले. वाचनाने मन मोठं होतं, जगाची ओळख होते, भाषेला वळण लागतं. बायका माना डोलवत होत्या. मला मात्र ऐकता ऐकता असा राग आला की मी मधूनच उठले आणि घरी येऊन भाजी निवडत बसले. मागून हे आले आणि त्यांनी विचारलं, काय बिघडलं होतं एवढं? मी म्हटलं, बिघडलं काहीच नव्हतं, पण त्यांनी सांगितलेल्या कारणांत मथुरा कुठे बसत नव्हती. मथुरेचं नाव घेतल्यावर हे माझ्यासमोर बसून भाजी निवडू लागले. आमच्या घरात ते नाव असंच आहे.

मथुरा अजून इथेच आहे. रिसालीकडे एका खोलीत राहते, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करते. वाचतेही. पण मोठ्याने वाचत नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. एके काळी तिचा आवाज मैदानापलीकडून आमच्या स्वयंपाकघरात येत असे, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

आमचं घर मूळचं दुर्गचं. कारखाना उभा राहायला लागला तेव्हा ह्यांना नकाशे काढण्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि आम्ही भरलं घर सोडून सेक्टर एकच्या कोऱ्या क्वार्टरमध्ये येऊन पडलो. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, अंगणात झाड म्हणून नाही आणि दार उघडलं की लाल धूळ थेट देवघरापर्यंत. हे सकाळी जात ते संध्याकाळी येत. दुपार मला खायला उठायची. म्हणून मी कादंबऱ्या वाचायची. त्यात उदात्त असं काही नव्हतं, वेळ जात नव्हता म्हणून वाचत होते.

समोरच्या मैदानापलीकडे मजुरांचा कॅम्प होता. पत्र्याच्या शेडींच्या रांगाच रांगा. प्रत्येक रांगेत वेगळा मुलूख, वेगळी भाषा. त्यातली एक रांग भंडारा, साकोलीकडच्या लोकांची होती. पिढ्यान्‌पिढ्या धान लावणारी माणसं, इथे लोखंड उभं करायला आली होती. कॅम्पातल्या नळाचा काही भरवसा नसे, म्हणून त्यांच्या बायका आमच्या मागच्या अंगणातल्या नळावर पाणी भरायला येत. माझ्या सासूबाईंना ते पसंत नव्हतं. पण सासूबाई दुर्गला होत्या आणि नळ इथे होता.

अशीच एकदा मथुरा आली. उंच, सावळी, कपाळावर गोंदण, नवी नवी आलेली. हंडा भरेपर्यंत खिडकीतून आत बघत उभी राहिली. खिडकीत माझी कादंबरी पालथी पडली होती. जाड, कापडी बांधणीची. ती बघून तिने आधी पदर डोक्यावर सारखा केला आणि मग विचारलं,

“ही कोणाची पोथी हाये, ताई?”

मी म्हटलं, पोथी नाही, कादंबरी आहे, प्रेमला नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिने विचारलं, ती देवी आहे का? मी म्हटलं, नाही. मग राणी? मी म्हटलं, नाही ग बाई, साधी बाई आहे, तुझ्यामाझ्यासारखी, संसार करते आणि त्रास भोगते.

“साधी बाई हाये तर तिची पोथी कावून लिहिली?”

ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही तो विचारणाऱ्या माणसाचा मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. मी पुस्तक उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाचता येत असेल तर वाच, म्हणजे कळेल. मला वाटलं होतं ती ओशाळेल. तिने हात पदराला पुसले, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि हंडा डोक्यावर घेऊन, पुस्तक छातीशी धरून निघून गेली.

तिला वाचता येत होतं. तिचे वडील रामाजी हे गावातले पोथी वाचणारे. श्रावणात देवळात पोथी लावायची आणि गावाने ऐकायची, हे त्यांच्या घराकडे होतं. म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. वाचणं तर सोडवत नव्हतं. तेव्हा त्यांनी मुलीला अक्षरं शिकवली आणि मग देवळात ते पुढे बसत आणि दाराआडून मथुरा वाची. त्यामुळे तिला वाचन येत होतं ते एकाच प्रकारचं, मोठ्याने आणि चालीवर. आपल्याशी, ओठ मिटून वाचतात हे तिने माझ्याकडेच पहिल्यांदा पाहिलं, आणि मला काही दुखतंय की काय असं तिला वाटलं.

दोनचार दिवसांनी दुपारी मैदानापलीकडून गाणं ऐकू आलं. नीट कान दिला तर ते गाणं नव्हतं, माझी कादंबरी होती. मी चपला घातल्या आणि उन्हातून तिकडे गेले. शेडीत पाट मांडलेला, पाटावर धुतलेला खण, खणावर पुस्तक, पुस्तकाला हळदकुंकू, वर तगरीचं फूल. समोर रांगेतल्या सगळ्या बायका, आणि मथुरा मांडी घालून चालीवर वाचत होती की दिवाणखान्यातल्या मेजावर चहाचे पेले मांडलेले होते आणि प्रेमला खिडकीशी उभी होती. चहाचे पेले ऐकून बायका हात जोडत होत्या. मला हसू आवरेना. मी तोंडावर पदर घेऊन खोकल्याचं सोंग केलं. शेजारच्या खोलीतली शकुबाई माझ्याकडे असं बघायला लागली की मला खाली बसावंच लागलं.

बसले ती बसलेच. मी ते पुस्तक दोनदा वाचलेलं होतं. पण प्रेमलेला सासरा बोलतो त्या जागी मथुरेचा आवाज कापला आणि माझ्या शेजारची एक म्हातारी पदराने डोळे टिपू लागली, तेव्हा माझाही पदर डोळ्यांना गेला. एकटीने वाचताना तसं कधी झालं नव्हतं. मग मी अधूनमधून जात राहिले. हे चेष्टा करायचे, पोथीला निघालात का म्हणून.

त्यांच्याकडे एक रीत होती. पोथी दुःखावर ठेवायची नाही. म्हणजे कथेत कुणी मेलं, कुणी वनवासाला गेलं, कुणी रडत बसलं, तर तिथे त्या दिवसाचं वाचन थांबवायचं नाही. पुढे वाचत जायचं. कथेतल्या माणसाला जरा बरं दिसलं की मग हात जोडायचे आणि उठायचं. नाहीतर ते दुःख ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं. आणि वाचन चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, आलेल्याने पायताण काढून दाराशी बसायचं. जुन्या पोथ्यांना हे ठीक आहे, त्यांच्यात थोडं पुढे गेलं की देव धावून येतोच. पण ही होती कादंबरी. लेखकाने प्रेमलेला पानापानावर रडवलेलं. त्यामुळे काही दुपारी चांगली जागा काही केल्या येईना. नळ येऊन जायचा, चुली थंड राहायच्या, पाळीवरून नवरे परत यायचे आणि ह्या आपल्या बसलेल्या, प्रेमलेला कुणी एक गोड शब्द बोलेल म्हणून वाट बघत. एकदा तर तिचा नवरा तिला नुसतं “जेवलीस का?” एवढंच विचारतो, तेवढ्यावर समाधान मानून बायकांनी साखर वाटली होती.

सगळ्यांत वेडा झाला होता तो मथुरेचा नवरा, फकिरा. तो खलाशी होता. कारखान्यातले खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत. लोखंडाच्या तुळया दोरखंडांनी वर चढवायच्या आणि उंचावर जाऊन जागेवर बसवायच्या, हे त्यांचं काम. अंगाने शिडशिडीत, सदा हसरा माणूस. त्याला दुपारी ऐकायला मिळायचं नाही. म्हणून संध्याकाळी जेवायला बसला की पहिला घास घेण्याआधी विचारायचा, आज प्रेमलाचं काय झालं? मथुरा भाकर टाकता टाकता सगळं सांगायची. दुसऱ्या दिवशी तो ते कामावर आपल्या टोळीला सांगायचा. त्याच टोळीत त्याच्या गावचा चिंधू होता, लहानपणापासून दोघे बरोबर. चिंधू एकदा आमच्याकडे ह्यांचा निरोप घेऊन आला होता तेव्हा मला म्हणाला होता, की त्या सासऱ्याले एक दिवस वरतून हातोडा सोडून द्यावं वाटते. तो हे अगदी मनापासून बोलला होता.

मूलबाळ नव्हतं त्यांना. पण त्या दोघांइतकं सुखी जोडपं मी त्या कॅम्पात पाहिलं नाही, आमच्या सेक्टरमध्येही नाही.

त्या दिवशी मी तिथे नव्हते, दुर्गला गेले होते. पुढचं मला शकुबाईने सांगितलं, इतरांनी सांगितलं आणि शेवटी मथुरेने. थंडीचे दिवस होते, वारा सुटलेला. फकिरा उंचावर होता आणि त्याचा पाय सुटला. खाली आला तेव्हा जिवंत होता. त्याला उचलून सावलीत ठेवलं, डॉक्टरला बोलावणं गेलं, आणि तो बोलत होता. मथुरेला बोलवा म्हणाला. चिंधूने कुणाची तरी सायकल घेतली आणि जीव खाऊन कॅम्पाकडे निघाला.

तो शेडीच्या दाराशी आला तेव्हा आत वाचन चालू होतं. प्रेमलेच्या मुलाला ताप भरला होता. ताप चढत होता आणि ती एकटी उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवत होती. बायका रडत होत्या. चिंधू दारात उभा राहिला. मथुरेने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि परत पुस्तकात बघून वाचायला लागली. आणि चिंधूने, ज्याचा जिवाभावाचा दोस्त तिकडे पडला होता त्या चिंधूने, पायताण काढलं आणि तो चौकटीला टेकून खाली बसला.

ह्यावर माणसं काय काय बोलली. मला विचाराल तर मी चिंधूला दोष देणार नाही. अशी बातमी घेऊन आलेल्या माणसाला ती तोंडातून काढवत नाही. त्याला कुठलंही कारण पुरतं, आणि त्याच्यापुढे तर लहानपणापासून पाळलेली रीत होती. वाचन तोडायचं नाही. त्यातून दुःखावर तर नाहीच. पोराचा ताप उतरू दे, मग सांगतो, असं त्याला वाटलं असेल. कदाचित ताप उतरला तर फकिराही वाचेल असंही वाटलं असेल. काय वाटलं ते त्याने कधी सांगितलं नाही.

मथुरा वाचत गेली. पान उलटलं, आणखी उलटलं. शेवटी कथेत पहाट झाली, मुलाला घाम फुटला, ताप उतरला, त्याने डोळे उघडून पाणी मागितलं. मथुरेने पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं, बायकांनी हात जोडले. मग ती उठली आणि चिंधूसमोर जाऊन उभी राहिली. काही विचारलं नाही तिने. चिंधू रडायला लागला.

ती पोचली तेव्हा फकिरा गेला होता. नुकताच गेला होता. मरेपर्यंत तो दोनतीनदा म्हणाला होता म्हणे, आली का मथुरा?

मी दुर्गहून आले तशी तिकडे धावले. मथुरा शेडीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका तिला रडवायला बघत होत्या, कारण अशा वेळी बाईने रडलंच पाहिजे, नाहीतर दुःख डोक्यात जातं. शकुबाईने तिच्या दंडाला चिमटे काढले, फकिराचा सदरा आणून मांडीवर टाकला. ती त्या सदऱ्याच्या घड्या घालत बसली. आधी सगळ्यांना काळजी वाटत होती. मग तीच काळजी कुजबुजीत बदलली. हिला काही वाटतच नाही, नवरा तिकडे तडफडून राहिला होता अन् ही इथे पोथी वाचून राहिली होती. जणू ह्या सगळ्या तेव्हा दुसऱ्या गावाला होत्या.

मला राहवलं नाही. मी शकुबाईला सगळ्यांदेखत विचारलं, तुम्ही पण तिथेच बसला होतात ना? चिंधू आला तो तुम्हाला दिसला नाही? ती म्हणाली, आमची पाठ होती दाराकडे, तोंड होतं ते तिचं.

गावाहून फकिराचा थोरला भाऊ पंजाबराव आला. त्याला कुणीतरी सगळं तिखटमीठ लावून सांगितलंच. त्याने पाटावरचं पुस्तक उचललं. मला वाटलं आता फाडेल नाहीतर चुलीत घालेल. पण त्यांच्यात पोथी जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. त्या रागाच्या भरातही त्याने ते त्याच खणात बांधलं, वर हळदकुंकू टाकलं, रिसालीच्या तलावावर नेलं आणि दगड बांधून सोडून दिलं. परत येताना मागे वळून बघितलं नाही, हेही रीतीप्रमाणेच. माझं पुस्तक होतं म्हणून मी चिडले नाही. भावाच्या दुःखाने पिसाळलेला माणूस एका कादंबरीचं एवढं नीट विसर्जन करतो, हे ऐकून मला घरी येऊन फार रडू आलं. आणि जिने रडायला हवं होतं ती तशीच कोरडी होती.

मथुरा गावी गेली नाही. पंजाबरावने नेतो म्हटलं, ती म्हणाली, ते इथं हायेत. डोक्यावर घमेलं घेऊन ती त्याच कामावर रेजा, म्हणजे मजूरबाई, म्हणून जायला लागली, जिथे फकिरा पडला होता तिथून फार लांब नाही. पाण्याला यायची, हंडा भरायची, जायची. बोलणं जवळजवळ बंद. आणि रडणं नाहीच. दिवसेंदिवस ती वाळत चालली. ही बाई रडली नाही तर जगायची नाही, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

मी माझ्या परीने सगळं केलं. तिला चहा करून द्यायची आणि समजावायची. मी म्हणायची, मथुरा, तुला काय माहीत होतं ग चिंधू कशाला आला ते? ऐकायला आला असं वाटलं असेल तुला. माहीत असतं तर तू थांबली असतीस का? माझं बोलणं अगदी बरोबर होतं. पण मी असं म्हटलं की ती कप खाली ठेवायची आणि चहा अर्धा टाकून निघून जायची. मला कळायचं नाही, की एवढं मायेने बोलते तर ही बाई अशी मिटून का जाते. मग मी आणखी मायेने तेच बोलायची.

ह्यांचा धाकटा भाऊ विष्णु नागपूरला होता. त्याला कळवून मी त्याच कादंबरीची दुसरी प्रत मागवली. ती आली तशी मथुरेपुढे ठेवली. तिने हातही लावला नाही. मला वाटलं चुकलंच आपलं. पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

उन्हाळा लागला. कामाला दुपारची सुट्टी मिळायला लागली. एका दुपारी ती आली, हंडा न घेता आली. दारात उभी राहून म्हणाली, ते पुस्तक द्या. मी कपाटातून काढून दिलं. मग तिने स्वतःहूनच सांगितलं.

“त्या दिवशी संध्याकाळी त्यायनं पुसलं असतं, त्या पोराचं काय झालं म्हून. ताप उतरला, एवढंच मले सांगता आलं असतं. पुढचं माहीतच नाही.”

ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली. पाट नाही, फूल नाही, कुंकू तर तिच्याकडे नव्हतंच. पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागली, आणि आवाज आला नाही. नुसते ओठ हलत होते. मी चूल सारवत होते. जिने सगळ्या रांगेला ऐकवलं ती बाई आता एकटी वाचत होती आणि तिचं वाचणं मलासुद्धा ऐकू येत नव्हतं. ती दुपारभर वाचायची आणि भोंगा झाला की उठायची. दुसऱ्या दिवशी परत यायची.

ज्या दिवशी ती मुलाच्या त्या भागाशी आली त्या दिवशी माझं लक्ष कामात लागेना. मुलगा जातो हे मला माहीत होतं. ताप उतरतो, थोडे दिवस तो हिंडतो, खेळतो, आणि ताप उलटून येतो. हिला हे वाचू द्यावं की पुस्तक हातातून काढून घ्यावं, मला ठरवता येत नव्हतं. मी पोळपाट धुवत होते तो परत परत धुतला. मग मागून पान उलटल्याचा आवाज येणं बंद झालं. मी वळून बघितलं. ती एकाच पानावर थांबली होती. तिचं बोट ओळींवरून जायचं आणि परत वर यायचं. ती तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होती.

मी जवळ जाऊन बघितलं. पहाटेची वेळ आहे. घरातली माणसं झोपलेली आहेत. मुलाचा श्वास थांबला आहे. प्रेमला त्याच्या छातीवर हात ठेवून बघते. मग ती फडकं पाण्यात बुडवते, पिळते आणि त्याच्या कपाळावर ठेवते. थोड्या वेळाने ते काढते, पुन्हा बुडवते, पुन्हा ठेवते. उजाडेपर्यंत पट्ट्या बदलत बसते आणि कुणालाही हाक मारत नाही. लेखकाने पुढे काही म्हटलेलं नाही. मी दोनदा वाचलेलं पुस्तक. मुलगा जातो एवढं माझ्या लक्षात होतं, पट्ट्यांचं काहीच लक्षात नव्हतं.

“ताई, हे लिहिणाऱ्याले कसं ठाऊक?”

मी विचारलं, काय?

“पोरगं गेलं ते तिले समजलं होतं. तरी पट्टी बदलवून राहिली.”

मी म्हटलं, असेल त्याने कुठे बघितलेलं. आणि मग मला तिची कीव आली आणि माझ्या तोंडून तेच जुनं निघालं, की प्रेमलेला समजलं होतं, पण मथुरा, तुला कुठे काय माहीत होतं? तिने हात वर करून मला थांबवलं. कधी कुणाला असं थांबवणारी ती बाई नव्हती.

“मले माहीत होतं. चिंधू दारात आला. म्या त्याचं तोंड पाहिलं अन् मले समजलं.”

मी खाली बसले.

“पुस्तक मिटलं का तो सांगन. म्हून म्या वाचतच राहिली. त्या पोराचा ताप लवकर उतरला, ताई. अजून पानं असती तर अजून वाचली असती. म्या वाचून राहिली तोवरी त्यायले काही झालं नव्हतं.”

एवढे दिवस मी तिला काय समजावत होते ते मला तेव्हा कळलं. जे एकच तिला कुणाला तरी सांगायचं होतं, ते मी रोज चहाबरोबर तिच्या तोंडात परत कोंबत होते. सगळी रांग म्हणत होती हिला काही वाटलं नाही, मी म्हणत होते हिला काही माहीत नव्हतं, आणि तिच्यासारखं वागलेली बाई तिला भेटली ती एका पुस्तकात.

तिने पुस्तक मिटलं नाही. ते तसंच उघडं मांडीवर ठेवून ती त्या पानावरून तळहात फिरवत राहिली. तिचा चेहरा हळूहळू पिळवटत गेला.

“अन् ते खरंच जिते होते ना, ताई. तिकडे जितेच होते. मले बोलवून राहिले होते.”

मग मथुरा रडली. मी तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि काहीही बोलले नाही. भोंगा झाला, कामाची वेळ झाली, तरी ती रडतच होती.